झाडू मारणे हे रुग्णालयाचे ‘मुख्य काम’ नाही?

रुग्णालयातली झाडलोट, कचरा गोळा करून त्याची विल्हेवाट लावणे, चादरी-कपडे धुणे, जेवण पुरवणे, पहारा देणे, रुग्णवाहिका चालवणे ही रुग्णालयाची मुख्य कामे नाहीत. हे माझे मत नाही, देशाच्या कायद्याचे आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत आस्थापनेच्या ‘मुख्य कामा’ची व्याख्या दिली आहे, आणि त्यातून वगळलेल्या कामांची यादीही दिली आहे. आस्थापना खास त्याच कामासाठी उभी राहिलेली नसेल, तर ही सगळी कामे मुख्य कामाच्या बाहेर. मुख्य कामावर कंत्राटी मजूर लावायला संहितेत काही अपवाद सोडून बंदी आहे. बाहेरच्या कामांना ती बंदी नाही. म्हणजे ठेकेदाराला दार उघडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता अमलात आली आहे.

संसदेने ती मंजूर केली सप्टेंबर २०२० मध्ये. तो महिना आठवा. देशात रोज नव्वद हजारांहून जास्त नवे कोरोना रुग्ण सापडत होते. रुग्णालयात एका दिवसाचा कचरा उचलला गेला नसता तर दुसऱ्या दिवशी वॉर्ड चालवणे अशक्य झाले असते. नेमक्या त्या दिवसांत लोकसभेत आणि राज्यसभेत बसलेल्या लोकांनी ठरवले की हे काम रुग्णालयाच्या मुख्य कामात मोडत नाही.

त्याच अधिवेशनात साथरोग कायद्यातली दुरुस्तीही मंजूर झाली. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला करणाऱ्याला अजामीनपात्र गुन्हा, तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद, गंभीर दुखापत असेल तर सात वर्षांपर्यंत. चांगली तरतूद होती, तिची गरजही होती. पण ‘आरोग्य सेवा कर्मचारी’ म्हणजे कोण, ते वाचा. डॉक्टर, नर्स, पॅरामेडिकल कर्मचारी, समाज आरोग्य कार्यकर्ता एवढी नावे तिथे आहेत. सफाई कामगाराचे नाव नाही, वॉर्डबॉयचे नाही, आयाबाईचे नाही, शवागारातल्या माणसाचे नाही. ‘यांसारखे’ या शब्दात त्यांना ओढूनताणून बसवता येईल, किंवा राज्य सरकारने अधिसूचना काढून त्यांना जाहीर केले तर ते त्यात येतील.

एकाच महिन्यात झालेले हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचले की महामारीने रुग्णालयात काय बदलले आणि काय बदलले नाही, ते कळायला लागते.

मी त्या काळात दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स होते. आमच्या वॉर्डात मराठी बोलणारी मी एकटी. सफाईला येणारे जवळजवळ सगळे वाल्मिकी समाजाचे, कुणी मूळ मेरठकडचे, कुणी हरियाणातले, बरेचसे दिल्लीतच जन्मलेले. त्यांना कुणी ‘जात कोणती’ असे विचारत नव्हते, कारण विचारायची गरजच नव्हती. केंद्र सरकारने गटार व सेप्टिक टँक साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद केली, तेव्हा त्यातले जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती व ओबीसी निघाले. एकट्या अनुसूचित जातींचे ६९ टक्के. हा आकडा गटारातल्या कामगारांचा आहे, रुग्णालयांचा नाही. रुग्णालयातल्या सफाई कामगारांची अशी जातवार मोजणी करून ती लोकांपुढे ठेवावी, असे कुणाला वाटलेले दिसत नाही. ज्यांना आपल्या वॉर्डात डोळे उघडे ठेवून फिरता येते त्यांना ती मोजणी पाठच असते.

मार्च २०२० मध्ये आमच्याकडे सगळ्यात आधी बदलली ती जागा. इमारतीचे लाल-हिरवे भाग झाले, पीपीई चढवायची खोली वेगळी, उतरवायची वेगळी, एक लिफ्ट राखीव. एक टक्का हायपोक्लोराइटचा वास कपड्यांना, केसांना, डब्यातल्या पोळीला. मग वेळा बदलल्या. एकदा किट चढवले की पाणी नाही, लघवी नाही. पाळी असेल तर तिचे काय, हे त्या किटच्या सूचना लिहिणाऱ्याच्या मनात आले नसावे. डॉक्टर आणि नर्सेसची ड्युटी सहा तासांवर आणली गेली आणि ते योग्यच होते. ठेकेदाराच्या माणसांची पाळी मात्र आठ तासांचीच राहिली, आणि बदली माणूस आला नाही तर सोळा तासांची. आतल्या वॉर्डात घाम, धुरकट झालेला चष्मा आणि श्वास कोंडणे सगळ्यांना सारखेच होते. घड्याळ मात्र सारखे नव्हते.

पीपीईचे वाटप ‘जोखमी’प्रमाणे होत असे. जोखीम ठरवताना पदाकडे बघायचे की कामाकडे, हा साधा प्रश्न. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे सक्शनचे डबे रिकामे करणारा, त्याचे डायपर पिवळ्या पिशवीत भरून ती दुहेरी बांधणारा माणूस विषाणूपासून किती दूर असतो? पहिल्या काही आठवड्यांत आमच्याकडे किट मोजून यायची. वरून खाली वाटत आणले की शेवटच्या पायरीवर उरायचे ते पातळ एचआयव्ही किट, कधी नुसता रेनकोटसारखा प्लास्टिकचा अंगरखा. वॉर्डातल्या सफाईच्या मुकादमाने एकदा स्टोअरवाल्याला विचारले, ‘‘साहब, कोरोना हमारा ओहदा देखके आता है क्या?’’ स्टोअरवाला हसला. किट मात्र दुसऱ्या आठवड्यात मिळाले, तेही नर्सेसच्या युनियनने पत्र दिल्यावर.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे, वर्षातून एकदा तरी त्याची आरोग्य तपासणी करणे, पुरेशी संरक्षक साधने देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. ठेकेदाराचा माणूस आहे म्हणून यातून सुटका नाही. महामारीच्या आधी चार वर्षे हा नियम अस्तित्वात होता. तो पाळला गेला असता तर निदान कोण कामावर आहे, त्याचे वय काय, त्याला मधुमेह आहे का, याची एक यादी रुग्णालयाकडे तयार असती. आमच्याकडे अशी यादी नव्हती. ठेकेदाराचा हजेरीपट होता, आणि तो ठेकेदाराच्या खिशात होता.

आता ज्या बदलाबद्दल फार कमी लिहिले गेले त्याकडे येते. भारतातली सरकारी रुग्णालये नातेवाइकांच्या फुकट श्रमावर चालतात. रुग्णाला पाणी पाजणे, कूस बदलणे, बेडपॅन देणे, पुसून काढणे, केस विंचरणे, एक्सरेला ढकलत नेणे, रक्ताची बाटली आणायला धावणे, हे सगळे आई, बायको, मुलगा, मेहुणा करत असतात. नर्सेसच्या मंजूर जागा आणि प्रत्यक्ष रुग्ण यांच्यातली दरी नातेवाईक भरून काढतात. कोरोनात नातेवाइकांना दाराबाहेर ठेवले आणि ही दरी एका रात्रीत उघडी पडली. ते काम गेले कुठे? काही आम्हा नर्सेसकडे आले. उरलेले सगळे खाली घरंगळत आयाबाई, वॉर्डबॉय आणि सफाईवाल्या दीदींकडे गेले. त्यांच्या कामाच्या कागदात यातले काहीच नव्हते. फरशी पुसायला आलेली बाई म्हाताऱ्याला दलिया भरवू लागली, व्हिडिओ कॉलसाठी फोन धरून उभी राहू लागली, मास्क काढून टाकणाऱ्या माणसाचे हात धरून बसू लागली. रात्री तीन वाजता मरणाऱ्याजवळ अनेकदा तीच असायची.

आणि इथेच जात समोर आली. घरी जेवणाची ताटे वेगळी ठेवणारी माणसे ऑक्सिजनवर असताना कुणाच्या हातून पाणी पितात? काही जण मुकाट प्यायले. काही जणांनी ‘‘सिस्टर, तुम्ही द्या’’ म्हटले. एका निवृत्त कारकुनाने डायपर तिच्याच हातून बदलून घेतले आणि पाण्याच्या बाटलीला तिने हात लावल्यावर ती मला बदलायला सांगितली. मी बाटली बदलली नाही. अशी उदाहरणे वॉर्डाबाहेरही होती. एप्रिल २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात विलगीकरणात ठेवलेल्या माणसाने दलित महिला प्रधानाने शिजवलेले अन्न नाकारले आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, ही बातमी देशभर छापून आली होती. ज्या बातम्या होत नाहीत त्यांची संख्या ज्याने त्याने आपल्या अनुभवाने ठरवावी.

त्याच महिन्यांत समाजमाध्यमांवर एक मोठा आनंदसोहळा चालू होता. नमस्कार कसा शास्त्रीय, सोवळे-ओवळे म्हणजे कसे प्राचीन सॅनिटायझेशन, आपले पूर्वज किती दूरदृष्टीचे. ‘सोशल डिस्टन्सिंग’ हा शब्दच त्यांना आयता मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ म्हणा असे सुचवायला सुरुवात केली होती. आपल्याकडे मात्र ‘सामाजिक अंतर’ फलकांवर कायम राहिले. विषाणूचा नियम आणि विटाळाचा नियम यांत फरक आहे. विषाणूच्या नियमात चौदा दिवसांनी माणूस मोकळा होतो. विटाळाच्या नियमात पिढ्यान्‌पिढ्या नाही. शिवाय विषाणूचा नियम सगळ्यांना दोन्ही बाजूंनी लागू असतो. सोवळ्यात घाण करणारा एक आणि घाणेरडा ठरणारा दुसरा.

२२ मार्चला थाळ्या वाजल्या, ५ एप्रिलला दिवे लागले, ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले पडली. आमच्या आवारात पडलेली फुले दुपारी कुणी झाडली, हे सांगायला नको. १६ जानेवारी २०२१ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये देशातली पहिली लस एका सफाई कर्मचाऱ्याला टोचली गेली. त्या तरुणाच्या धाडसाचे मला कौतुकच आहे. लशीबद्दल सगळीकडे भीती होती आणि तो पुढे आला. पण छायाचित्रात पहिला आणि मृतांच्या मोजणीत गायब, असे कसे होते? त्यानंतर जेमतेम पंधरा दिवसांनी, फेब्रुवारी २०२१ च्या सुरुवातीला, केंद्रीय आरोग्य राज्यमंत्र्यांनी राज्यसभेत कोरोनाने मृत्यू पावलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे आकडे दिले. १६२ डॉक्टर, १०७ नर्सेस, ४४ आशा. डॉक्टरांच्या आकड्यावर इंडियन मेडिकल असोसिएशनने लगेच आक्षेप घेतला, आमच्याकडे ७०० हून अधिक नावे आहेत म्हणून. डॉक्टरांकडे नावे ठेवणारी संघटना होती. सफाई कामगारांसाठी त्या उत्तरात आकडाच नव्हता, त्यामुळे चूक की बरोबर असा वादही झाला नाही.

एका बाबतीत कागद बरा होता. मार्च २०२० मध्ये जाहीर झालेल्या ५० लाखांच्या विमा योजनेत सफाई कर्मचारी, वॉर्डबॉय, कंत्राटी आणि रोजंदारीचे लोक स्पष्टपणे धरले होते. अडचण पुढे होती. दाव्यासाठी संस्थेचे प्रमाणपत्र लागे की मृत व्यक्ती कोविड रुग्णांच्या सेवेत होती आणि त्यांच्या थेट संपर्कात आली असावी. शिवाय तपासणीचा अहवाल हवा. ज्याचा हजेरीपट ठेकेदाराकडे, ज्याला ताप आल्यावर ‘चार दिवस घरी राहा’ म्हणून तपासणीविना पाठवले, त्याच्या विधवेने हे कागद कुणाकडे मागायचे? रुग्णालय म्हणते तो आमचा नव्हता. ठेकेदार म्हणतो रुग्णालयाची सही आणा. रुग्ण दगावल्यावर डेथ समरी लिहायला आम्हाला अर्धा तास पुरतो. हे एक प्रमाणपत्र काढायला बायका सहा-सहा महिने खिडक्या पालथ्या घालताना मी पाहिल्या आहेत.

हा ‘आमचा नव्हता’ काही आपोआप उगवलेला नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात एक दरवाजा होता. काम बारमाही आहे का, आस्थापनेला आवश्यक आहे का, हे पाहून सरकार त्या कामावर कंत्राटी पद्धत बंद करू शकत असे. डिसेंबर १९७६ मध्ये केंद्राने आपल्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींत झाडलोट, साफसफाई आणि पहाऱ्यासाठी कंत्राटी मजुरांवर बंदी घालणारी अधिसूचना काढली होती. ती २००१ साली स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. वीस वर्षांनी नव्या संहितेने ते कामच ‘मुख्य’च्या यादीतून काढले. कायमस्वरूपी जागा होती तेव्हा तिला पेन्शन होती, युनियन होती, आणि आरक्षण होते. ठेकेदाराला आरक्षण लागू नाही. पण त्याच्या झाडूवाल्यांत शंभर टक्के कोण भरले आहेत ते आपण जाणतो. वरच्या जागांवर गुणवत्ता, खालच्या जागांवर न लिहिलेले आरक्षण.

महाराष्ट्रातले वाचक इथे लाड-पागे समितीची आठवण काढतील. तिथे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, कायमस्वरूपी मिळते. त्यासाठी युनियन लढल्या आहेत आणि त्या नोकरीवर कित्येक घरे उभी आहेत. मी त्याविरुद्ध बोलणार नाही. तरी बापाचा झाडू मुलाच्या हाती सरकारी आदेशाने जाणे ही आपली मागणी असावी का, हा प्रश्न आपल्या चळवळीत मोकळेपणाने विचारला पाहिजे. वारसाला नोकरी द्या, पण त्याने लॅब टेक्निशियनचा कोर्स केला असेल तर लॅबमध्ये द्या.

जात फक्त फरशीच्या पातळीवर असते असेही नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. जातिवाचक छळाचा आरोप तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर आहे. वर्षही पूर्ण झाले नव्हते तेव्हा तेच नायर कोविड रुग्णालय झाले आणि तिथल्या डॉक्टरांचे, योग्य तेच, कौतुक होऊ लागले. पण कौतुकाच्या त्या लाटेत जुना प्रश्न विचारणे असभ्य ठरले. आणि मे २०२० मध्ये कोलकात्यातून मणिपूरच्या १८५ नर्सेस एका दिवशी नोकरी सोडून गावी निघाल्या, तेव्हा ‘ऐन संकटात पळाल्या’ असे म्हटले गेले. त्यांना त्यांच्या चेहऱ्यावरून ‘कोरोना’ म्हणून हाक मारली जात होती, अंगावर थुंकले जात होते, हे त्या सांगत होत्या. ऐकणारे थोडे होते.

‘पळणे’ या शब्दाला इतिहास आहे. साथरोग कायदा १८९७ सालचा, मुंबईच्या प्लेगसाठी केलेला. त्याच्या आधीच, १८९० साली, मुंबईत पालिकेच्या हलालखोरांनी सूचना न देता काम सोडणे हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला होता. १८९६ च्या अखेरीस प्लेग आला, पालिकेने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवायला सुरुवात केली, आणि हलालखोर शहर सोडण्याच्या बेतात आहेत असे दिसताच आयुक्तांना घाम फुटला. ते गेले तर शहर मैल्याखाली गाडले जाईल, हे त्यांना माहीत होते. सक्ती ढिली करण्यामागे हे एक मोठे कारण होते. शहरातल्या प्रतिष्ठितांचे अर्ज सरकारकडे पडून असताना, अर्जही न केलेल्या हलालखोरांच्या पायांनी धोरण वाकवले. त्याच १८९७ च्या १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंताच्या दवाखान्यात पोहोचल्या होत्या. साथीत कुणाला उचलायचे आणि कुणी उचलायचे, याचे सरकारी उत्तर आणि फुल्यांच्या घरातले उत्तर एकाच वर्षातले आहे.

‘अत्यावश्यक’ हा शब्द २०२० मध्ये फार ऐकला. उत्तर प्रदेश सरकारने मे २०२० मध्ये एस्मा लावून सहा महिने संपावर बंदी घातली. आवश्यक असल्याचा अर्थ एवढाच की तुम्हाला काम सोडता येणार नाही. पगार वाढेल, सुट्टी मिळेल, नोकरी टिकेल, असा नाही. राजस्थानात कोविड आरोग्य सहायकांची सेवा ३१ मार्च २०२२ रोजी थांबवली गेली. १०० दिवस कोविड ड्युटी करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य देण्याची केंद्राची मे २०२१ ची घोषणा वैद्यकीय मनुष्यबळापुरती होती. आमच्या रुग्णालयात दुसरी लाट ओसरल्यावर ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने जुन्यांपैकी निम्मे घेतले, तेही नव्याने ‘रुजू’ झाल्याच्या कागदावर. दलिया भरवणारी दीदी त्या निम्म्यांत नव्हती.

पुढची साथ येईल. ती येण्याआधी काय मागायचे याबद्दल मला फार मोठे काही सुचवायचे नाही. रुग्णालयात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक कंत्राटी माणसाचा हजेरीपट रुग्णालयाने स्वतः ठेवावा आणि त्याची प्रत त्या माणसाला द्यावी. २०१६ च्या नियमांतली लस व वार्षिक तपासणी झाली की नाही, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. आपल्या जिल्हा रुग्णालयात हा अर्ज टाकायला दहा रुपये लागतात. आणि साथरोग कायद्यात ‘आरोग्य सेवा कर्मचारी’ कोण हे जाहीर करण्याचा अधिकार राज्य सरकारांकडे आज आहे, त्यासाठी संसदेत जावे लागत नाही. सफाई कामगार, आया, वॉर्डबॉय, शवागार कर्मचारी आणि रुग्णवाहिका चालक ही पाच नावे त्या अधिसूचनेत लिहून मागणारे निवेदन नर्सेसच्या, डॉक्टरांच्या आणि सफाई कामगारांच्या संघटनांनी एकत्र सही करून द्यावे. आमच्या युनियनमध्ये मी हा मसुदा मांडला, तेव्हा पहिला प्रश्न आला की डॉक्टरांची सही सर्वांत वर हवी का. मसुद्यात सह्या आडव्या ओळीत घेतल्या आहेत.